कर्नल, सुभेदार आणि चंद्राबाईचं दूध

मी लष्करातून हवालदार म्हणून घरी आलो. त्यामुळे कर्नल या शब्दाला आमच्याकडे मान आहे. आणि आमच्या दूध डेअरीच्या पायरीवर उभा राहून सन्मती मगदूम फोनवर कुणाला तरी सांगत होता, "कर्नल पॅनिक झालाय, सकाळपासनं सारखा पडतोय." माझं डोकंच फिरलं.

"कुठला कर्नल रं? कर्नल माणूस असा पडत नसतोय," मी दरडावलं.

सन्मती हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यानं मला पेंडीच्या पोत्यावर बसवलं आणि समजावून सांगितलं. कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यालाही कर्नल म्हणतात. तोच आतली कामं वाटून देतो, आणि तो गडबडला की अख्खं यंत्र गप्प बसतं. सन्मतीचा कर्नल कुणाच्या मालकीचा नाही. जगातल्या कुणालाही तो उघडून बघता येतो, दुरुस्त करता येतो. पुण्याच्या कंपनीचं काम हा गावात, घराच्या माडीवर बसून करतो, आणि ते काम म्हणजे पडलेले कर्नल उठवणं. गावाला मात्र अजून वाटतं, मगदुमांचा पोरगा घरी बसून असतो.

त्याच्या कंपनीतल्या साहेबांना एक गोष्ट पाठ झालीय. दिवस मावळायच्या आत त्याची आई, राजमतीकाकी, खालून हाक मारते, "सन्मती, जेवाय चल, दिवस बुडाय लागला." मग कुठलाही कर्नल पडलेला असो, हा उठतो. जैनाचं घर, दिवस बुडाल्यावर जेवण नाही.

डेअरीचा सचिव मी. वजन, फॅट, पावती, सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, आणि त्यावर ही प्रणाली सन्मतीनंच बसवून दिलेली. वर्षभर झकास चाललं. मग नवी आवृत्ती आली आणि ऐन गर्दीत यंत्र पडायला लागलं. ते पुन्हा उठेपर्यंत रांग ताटकळायची, उन्हाळ्यात दूध नासायचं. शेवटी तालुक्याच्या दूध संघानं कळवलं: दिवाळीपर्यंत सुधारणा झाली नाही तर तुमचं केंद्र बंद, दूध शेजारच्या गावी घाला. माझं काय, मी मोटारसायकलला किटली अडकवून जाईन. पण आमची चंद्राबाई एका म्हशीवर जगते आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेत. तिनं ओढा ओलांडून कसं जायचं?

सन्मती सकाळी सकाळी डेअरीत येऊन बसायला लागला. कर्नल मरताना शेवटचे काही शब्द बोलतो म्हणे, आणि ते पकडायला वायरनं दुसरा कॉम्प्युटर जोडावा लागतो. रांगेतल्या बायका त्याला चहा द्यायच्या, आणि हा कपात न बघता पडद्यावरचे शब्द वाचत राहायचा.

दोष सापडला तो पाळी लावणाऱ्या भागात. त्याला शेड्युलर म्हणतात. कुठल्या कामाला किती वेळ मिळावा याचे आकडे सन्मतीनं कमीजास्त करून पाहिले. पडणं कमी झालं, थांबलं नाही. नव्या आवृत्तीतच खोट होती. पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्यानं वरच्याच शेताला पाणी सोडत राहावं, तसं चाललं होतं. वजनाच्या काट्याकडून सारखे निरोप येत, म्हणून त्यालाच पाळी मिळे, आणि बाकीची कामं तहानलेली राहत. मग राखणीवरच्या भागाला वाटे, यंत्र मेलं, आणि तोच ते पाडून टाकी.

सन्मतीनं चार-पाच ओळींची दुरुस्ती लिहिली. तिला पॅच म्हणतात, आम्ही ठिगळ म्हणतो. आमचं यंत्र ठिगळावर सुरळीत चाललं. पण संघाची अट होती, घरचं ठिगळ नको, अधिकृत गाभ्यात असेल तेवढंच चालेल. आणि त्या गाभ्यातल्या शेड्युलरची देखरेख करणारा, ज्याच्या होकाराशिवाय त्यात काही बदलत नाही, तो दूर परदेशात बसलेला. कर्नलच्या हाताखालचा, म्हणून मी त्याचं नाव सुभेदार ठेवलं.

सुभेदारानं सगळ्या जगाला दिसेल अशा मेलवर उत्तर दिलं, 'एका खेड्यातल्या एका जुन्या यंत्रासाठी मी गाभा बदलणार नाही.' सन्मतीनंही सुनावलं, 'तुम्ही कधी दूध घेऊन रांगेत उभे राहिलेले दिसत नाही.' मी त्याची पाठ थोपटली. तो मात्र आपलीच ती ओळ पुन्हा पुन्हा उघडून वाचत राहिला.

भाद्रपदात जैनांचं पर्व संपलं आणि एकमेकांची क्षमा मागायचा, क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी सन्मती दरवर्षी हात जोडून माझ्या दारात येतो. "तात्या, जाणता-अजाणता मन दुखावलं असंल तर क्षमा करा." यंदा त्यानं सुभेदारालाही तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'चूक मान्य केल्याबद्दल आभार. तुमची दुरुस्ती मागे घेतली असं समजतो.'

मी पायताण न घालताच मगदुमांच्या माडीवर चढलो. "माफी कशापायी मागितलीस रं? चुकलाय त्यो."

"टोचून बोललो त्याची मागितली तात्या. ठिगळाची न्हाई."

"मग तसं लिव्ह की."

"आता तसं लिवलं तर क्षमा मागितल्याला अर्थ काय ऱ्हातोय?"

मी कपाळाला हात लावला. दिवाळी तोंडावर आणि या गड्याचं हे. तेवढ्यात जिन्यात उभी असलेली राजमतीकाकी म्हणाली, "क्षमा मागायची ती मागून झाली. आता खरं सांगू नगंस म्हणून कोण म्हणालंय तुला?"

सन्मतीनं लिहिलं. क्षमा माझ्या शब्दांबद्दल होती, दुरुस्ती कायम आहे. सोबत यंत्राचे आजवरचे सगळे शेवटचे शब्द जोडले. उद्या सकाळी ठिगळ काढून ठेवतो, तुम्ही तिकडून स्वतः बघा, असंही कळवलं.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं किटली काट्यावर ठेवली आणि यंत्र पडलं. "मुडदा बशिवला ह्याचा," ती म्हणाली, "परत मेला व्हय?" सन्मतीनं सुभेदाराला एवढंच टाइप केलं: आत्ता पडला, चंद्राबाईचं दूध काट्यावर आहे.

त्याच दुपारी ठिगळ मंजूर झालं. खाली सुभेदारानं एक ओळ लिहिली होती: 'माझेही शब्द टोचले असतील, तर मीही क्षमा मागतो.' ती सन्मतीनं मला दोनदा वाचून दाखवली. मला त्या पोराचा फार अभिमान वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

दिवाळीआधी नवी आवृत्ती आली, संघानं केंद्र राहू दिलं. अशा दुरुस्तीसोबत तक्रार कुणी केली त्याचं नाव कायमचं लिहून ठेवायची कर्नलवाल्यांच्यात पद्धत आहे. तिथं सन्मतीनं चंद्राबाईचं नाव घातलं होतं. त्यानं ते रांगेतच तिला सांगितलं.

"माझं नाव? कुठवर जायाचं ते?"

"जिथं जिथं ह्यो कर्नल जाईल तिथवर."

चंद्राबाईनं किटलीचं झाकण काढलं. "मग म्हशीचं बी घालायचं हुतंस," ती म्हणाली, "दूध तिचं हाय." आणि तिनं किटली काट्यावर ठेवली.