बायाक्काचा मधला थांबा

बायाक्का गेल्याचं मला एका फ्लेक्सच्या फोटोवरून कळलं. सकाळी चहा गाळत होते, फोन वाजला, बघितलं तर आमच्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकलेला. डोंगराच्या पायथ्याला, नव्या रोपवेच्या तिकीटखिडकीशेजारी उभारलेला बोर्ड. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘देवीच्या निस्सीम भक्त व रोपवेच्या आधारस्तंभ’, आणि त्याखाली हात जोडलेल्या विश्वस्तांची रांग, प्रत्येकाचा चेहरा बायाक्काच्या चेहऱ्यापेक्षा मोठा. मला आधी रडू आलं नाही, राग आला. आधारस्तंभ म्हणे! जिच्या दारावरून जाणारा पाळणा तिच्यासाठी थांबवायचा नाही असं याच मंडळींनी ठरवलं, ती मेल्यावर लगेच आधारस्तंभ झाली. या गोष्टीला आता दीडेक महिना होईल. राग निवला की लिहू म्हणून थांबले होते. तो काही निवत नाही, म्हणून आहे तसाच घेऊन लिहायला बसले आहे.

आटपाडी आणि औंध यांच्या मधल्या कोरड्या मुलखात तो डोंगर आहे. नाव लिहीत नाही. तिथली माणसं ओळखतील, आणि ज्यांना ओळख दाखवायची नाही ती नाव लिहूनही दाखवणार नाहीत. माथ्यावर देवी, पायथ्याला बाजार, आणि मध्ये एका सपाटीवर धनगरांची वस्ती. देवळाच्या पायऱ्या डोंगराच्या दुसऱ्या अंगाने चढतात, वस्तीकडे जाते ती नुसती पायवाट, तीही पावसाळ्यात निम्मी वाहून गेलेली. पण वस्तीच्या डोक्यावरून पाळणा जायचा. पाळणा म्हणजे जुना रोपवे. दोघांना बसता येईल अशा उघड्या लोखंडी खुर्च्या, पुढे एक आडवा दांडा, आणि वर तेलकट दोर. तो बांधायच्या वेळी मधल्या खांबाला कुठे जागा मिळेना. तेव्हा बायाक्काच्या सासऱ्यांनी वस्तीच्या चराईतली सपाट जागा देऊन टाकली, मोबदला मागितला नाही, एवढंच म्हणाले की पाळणा आमच्यासाठी इथे थांबला पाहिजे. देवस्थानाने मान डोलावली. तेव्हापासून त्या खांबापाशी दगडी चौथरा होता आणि चौथऱ्यावर ब्रेक ओढायला मुबारकभाई. वस्तीवरच्या माणसाकडून तिकीट घ्यायचं नाही, आणि वस्तीने देवीच्या सकाळच्या नैवेद्याचं दूध पहिल्या खुर्चीला किटली अडकवून वर पाठवायचं, अशी रीत पडली. किती वर्षं चालली, कुणी मोजली नाहीत.

माझी बदली त्या वस्तीच्या शाळेवर झाली. मी पलूसची, उसाच्या हिरव्या पट्ट्यात वाढलेली, उंचावर जायची सवय म्हणजे घराची गच्ची. पहिल्या दिवशी ती डुलत येणारी खुर्ची बघून मी तीन खुर्च्या तशाच जाऊ दिल्या. मागून एका बाईने माझा दंड धरला, “टेका आता!” म्हणाली, आणि मी बसलेली होते. तिच्या मांडीवर बाजारातून आणलेलं शेळीचं पिल्लू होतं. जमीन पायाखालून गेली तसे मी डोळे गच्च मिटले.

“आवं बाई, डोळं झाकू नगासा,” ती म्हणाली. “झाकलं की लयच उच वाटतंया. ह्ये पिल्लू धरा, म्हंजी तुमचं ध्यान त्येच्याकडं ऱ्हाईल.”

पिल्लाने माझ्या नव्या साडीवर जे करायचं ते केलं आणि माझं ध्यान खरोखरच तिकडे राहिलं. चौथऱ्यावर उतरताना ती इतकी हसली की मुबारकभाईंनी ब्रेक जरा जास्तच वेळ धरून ठेवला. ही बायाक्का. तोंडावर मी तिला कायम तुम्हीच म्हटलं, मनात मात्र त्या दिवसापासून ती ‘ती’ झाली. पुढची सगळी वर्षं, निवृत्त होईपर्यंत, सोमवार ते शनिवार मी त्या खुर्चीतून शाळेत गेले, आणि परतीच्या खुर्चीत बाजाराला निघालेली बायाक्का पुष्कळदा शेजारी असायची. खाली दिसणाऱ्या प्रत्येक घराबद्दल तिला काहीतरी म्हणायचं असे आणि त्यातलं निम्मं छापता येण्यासारखं नाही. शाळेला ती तिच्याच भाषेत धाक घालायची. एखादी पोर आठ दिवस आली नाही तर मी घरी जायच्या आत बायाक्का जाऊन त्या बापाला झाडून आलेली असे. मेंढरं घेऊन नवरा कऱ्हाडकडे, कोकणाच्या तोंडापर्यंत जायचा, तेव्हा घर, म्हातारे सासरे आणि दोन लेकरं तिच्यावर. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेताना खुर्चीला पासोडीने बांधून बसवलं होतं. देवस्थानाचे तेव्हाचे आणि आताचेही विश्वस्त, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, त्यांनी स्वतः म्हाताऱ्याचा हात धरून पायथ्याला उतरवून घेतलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून लिहिते.

मग नव्या रोपवेचं वारं आलं. जुना दोर थकला होता, खुर्च्या गंजल्या होत्या, बदलायला हव्या होत्या, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. बायाक्काचं तर नव्हतंच. “माजं कंबरडं म्हनतंय, आता गादीची खुर्ची आना,” असं ती उघड म्हणायची. तर विश्वस्त मंडळ अभ्यासदौऱ्यावर गेलं. कुठे, तर उत्तरेत, बर्फात, जिथे हौशी लोक पायाला पट्ट्या बांधून उतारावरून घसरतात आणि पुन्हा खुर्चीत बसून वर जातात. दौऱ्याचे फोटो आले. भाड्याचे लाल-निळे कोट, गमबूट, कानटोप्या, आणि खुर्च्यांत ओळीने बसलेले आमचे विश्वस्त. मी ते फोटो बायाक्काला फोनवर दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली.

“बाई, तितं मधी कोन ऱ्हातंय का?”

“नाही हो. मध्ये नुसता बर्फ असतो.”

“मग ह्यो पाळना हितं आनला तर... आमी काय बर्फ हाय व्हय?”

मी हसले. ती हसली नव्हती. आराखडा आला तेव्हा कळलं की तिने फोटोवरूनच सगळं ओळखलं होतं. काचेचे बंद डबे, पायथ्याहून थेट माथा, मधला थांबा रद्द. पायथ्याच्या सभामंडपात बैठक झाली, अख्खी वस्ती उतरून आली. दादासाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, “आक्का, सर्व्हे झालाय. मधल्या थांब्यावर प्रवासी शून्य हाय. कागदावर शून्य आल्यावर थांबा मंजूर कसा व्हनार?”

शून्य बरोबरच होतं! तिकीट फाडलं की प्रवासी मोजला जायचा, आणि वस्तीचं, आणि वस्तीच्या शाळेची म्हणून माझंही, तिकीट कधी फाडायचंच नाही हा देवस्थानाचा मोठेपणा. ज्या रीतीचं भाषणांत कौतुक व्हायचं, त्याच रीतीने वस्ती हिशेबातून पुसली गेली होती. ती चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती असं मी एक वेळ मानेन. पण त्या मंडपात बायाक्काने ती सगळ्यांच्या तोंडावर लक्षात आणून दिली.

“दादासाब, माज्या सासऱ्याला तुमी हाताला धरून उतरिवलं, तवा त्यो शून्य व्हता का? आन् ही बाई रोज साळंत येत्यात, त्या कुठनं येत्यात, आबाळातनं? म्हंजी तिकीट काडलं असतं तर आमी मानसं झालो असतो!”

फ्लेक्सवर तिचा जो फोटो आहे ना, तो त्याच बैठकीतला आहे. मागचा मंडप कापून तिथे देवीचा कळस चिकटवला आहे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने काय करावं? वस्तीतल्या सगळ्या बाया-माणसांना घेऊन ती तिकीटखिडकीवर गेली. आम्हाला तिकीट द्या, रोज काढतो, मोजा आता आम्हाला. खिडकीतला क्लार्क बिचारा घामाघूम झाला, कारण त्याच्याकडे पायथा ते माथा एवढंच तिकीट होतं. मधल्या थांब्याचं तिकीट कधी छापलेलंच नव्हतं! लोक हसले, कुणीतरी व्हिडिओ काढला, तो दोन दिवस फिरला. मीही अर्ज केले, तालुक्याला गेले, साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसले. उत्तर ठरलेलं. मध्ये डबा थांबवायचा तर यंत्रणा बदलावी लागते, वेग जातो, भाविकांची गैरसोय होते. भाविकांची! त्या देवीला रोज सकाळी दूध पाजणारी वस्ती भाविकांत मोडत नव्हती. जुना पाळणा उतरवला, चौथरा फोडला, मुबारकभाईंना नारळ दिला. खांबाची जागा मात्र परत दिली नाही. त्याच जागेत नवा, जाड खांब उभा राहिला. आधारस्तंभ म्हणायचंच असेल तर तो तिच्या घराण्याच्या जमिनीत पाय रोवून उभा आहे, एवढं त्या बोर्डवर लिहायला हवं होतं.

ती कशी गेली हे मुबारकभाईंनी मला फोनवर सांगितलं. सकाळी छातीत कळ आली. मुलाने आणि शेजाऱ्यांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि त्या वाहून गेलेल्या पायवाटेने निघाले. एक जण पुढे पळत खाली गेला, खिडकीवर हातापाया पडला की एकदा, फक्त एकदा थांबवा. उत्तर आलं की थांबवता येईल हो, पण मध्ये चढायला-उतरायला जागाच नाही, डबा जमिनीपासून किती उंच... आणि ते खरंही होतं. आधी जागा फोडायची आणि मग जागा नाही म्हणून सांगायचं, यात खोटं कुठेच सापडत नाही. मुबारकभाई बातमी कळताच खालून वर निघाले होते. वाटेतल्या लिंबापाशी त्यांना झोळी भेटली तेव्हा माणसं ती खाली ठेवून उभी होती. “बाई, वरनं डबं जात व्हतं,” ते म्हणाले, “एकामागं एक, मोकळं. सकाळच्याला गर्दी नसतीया न्हवं...” ती वाचली असती का? मला माहीत नाही, डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण तिचा शेवटचा तास एका काचेच्या रिकाम्या डब्यात, बसून, लेकाच्या खांद्याला टेकून जाऊ शकला असता. तो त्या वाटेवर, दगडांवरून आदळत गेला. हे मी विसरणार नाही, आणि कुणी विसरावं असंही मला वाटत नाही.

देवस्थानाने माथ्यावर शोकसभा ठेवली आणि मला बोलायला बोलावलं. जाऊ नये असंच वाटत होतं. गेले, कारण न बोलता घरी बसणं त्याहून वाईट. माझ्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून नव्या डब्यात बसले, पहिल्यांदाच. समोर दादासाहेब. आता थकले आहेत, पण इस्त्री कडक. “बघा मॅडम, जरा तरी धक्का बसतोय का?” ते म्हणाले. नव्हता बसत. डबा गुळगुळीत वर सरकत होता, आतमध्ये बारीक आवाजात देवीची आरती लावलेली, खाली वस्ती आली. शाळेचे पत्रे, मेंढरांचा वाडा, बायाक्काचं अंगण. अंगणात तिची सून उभी होती. डोक्यावरून पदर, आणि उजवा हात सरळ वर केलेला. आमच्याकडेच बघत होती.

दादासाहेबांनी काचेतून तिला हात हलवून दाखवला, अगदी प्रेमाने. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बायाक्कापन रोज आशाच उभ्या असायच्या बगा. कवाबी जा, हात वर. मीबी करायचो. आतले समदे पावनेबी करायचे, बारकी पोरं तर टाटा करायची. लय आनंदी बाई, गेली बिचारी.”

वस्तीवरून कुणाला पाळण्याने जायचं असलं की तो अंगणात येऊन हात वर करायचा, चौथऱ्यावरून मुबारकभाई बघायचे आणि ब्रेक ओढायचे. वस्तीतल्या लहान पोरालाही हे माहीत होतं. पायथ्याला चढून माथ्याला उतरणाऱ्या माणसाला ते कधी कळायचं कारणच नव्हतं. म्हणजे चौथरा फोडल्यावरही, डबे सुरू झाल्यावरही, ती रोज अंगणात येऊन उभी राहत होती... आणि वरून लोक तिला टाटा करून पुढे जात होते.

“दादासाहेब,” मी म्हटलं, “वस्तीवर हात वर करतात तो पाळणा थांबवायला.”

त्यांचा हात अजून काचेला लागलेला होता. त्यांनी तो खाली घेतला. आमच्या मागचा डबा अंगणावर आला तेव्हाही सुनेचा हात वरच होता, आणि त्या डब्यातलं कुणीतरी तिला हात हलवत होतं.