पदराखालचा सिलिंडर

"चोर आहे ही, साहेब. यांच्या वस्तीतली माणसं अशीच."

चाकणच्या डेपोत, भर दुपारी, सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर मॅनेजर माझ्याकडे बोट दाखवून बोलला. वर माझा पदर ओढला. खालचा लाल सिलिंडर उघडा पडला. आग विझवायचा.

तो त्यानंच माझ्या हातात दिला होता.

आमच्या ठेकेदाराच्या बसगाड्या दिवसभर प्रवासी वाहतात. मी त्या झाडायची, पुसायची. प्रत्येक गाडीत सिलिंडर पाहिजे, असा सरकारी नियम. आमच्याकडे होता एकच. तपासणीचे साहेब एक गाडी बघून पुढच्या दारानं उतरले, की मी तो मागच्या दारानं काढायचा आणि पदराखाली धरून पुढच्या गाडीतल्या रिकाम्या कडीत नेऊन अडकवायचा. झाडणाऱ्या म्हातारीकडे कोण बघतं? म्हणून हे काम मला.

त्या दिवशी साहेब नवे होते. ते पुढनं उतरून थेट मागच्या दाराशी आले. समोर मी, पदराखाली सिलिंडर.

"काय हो आजी, चोरलात?" साहेबांनी विचारलं.

मॅनेजर माझ्या कानाशी आला. आवाज एकदम मऊ. "मावशी, हो म्हणा. आजचा दिवस निघू द्या. उद्या या परत कामावर. कोणी काही बोलणार नाही."

मागून एक ड्रायव्हर हसला. "म्हण की मावशी. तुला काय फाशी देनार हायेत व्हय?"

काम गेलं तर या वयात दुसरं कोण देणार? पण माझी सून याच गाड्यांनी कंपनीतून देहूरोडला घरी येते. दाटीत, उभ्यानं. गाडी पेटली तर तिच्या हाताला काय लागणार? रिकामी कडी. आणि चोर मी?

"न्हाई," मी म्हणाले. "यानंच दिला. सगळ्या गाड्यांत मिळून हा एकच हाय. चला, दावते."

मॅनेजर आडवा आला. "ए म्हातारे, डोकं फिरलंय का तुझं?"

मी सिलिंडर छातीशी धरला आणि त्याला वळसा घालून चालू लागले. साहेब मागून आले. एकेका गाडीत चढले. सगळ्या कड्या रिकाम्या.

गाड्या जागेवर थांबवल्या. मला तिथंच कामावरून काढलं. ज्यांचा रोज बुडाला ते ड्रायव्हर अजून तोंड फिरवतात. संध्याकाळी, गाड्या बंद म्हणून, सून उशिरा हेलपाटत घरी आली आणि मलाच बोलली, "आत्याबाई, तुमाला गप बसता येत नव्हतं का?"

नव्हतं.

आता गाड्या परत सुटल्यात. म्हणे प्रत्येकीत सिलिंडर बसवलाय. म्हणे. मी चढले की आधी ड्रायव्हरच्या मागं बघते, मग तिकीट काढते. एकदा जरी कडी रिकामी दिसली, तरी दारातल्या पायरीवर बसणार. चोर म्हणा, वेडी म्हणा, पोलीस बोलवा. सिलिंडर लागल्याशिवाय उठणार नाही.