चांद्याच्या मानेवरचा हात

तीन आठवड्यांपूर्वी सकाळीच पुतण्याचा फोन आला. "काकू, आत्या गेली," म्हणाला, आणि जरा थांबून, "पेपरात द्यायला तिचा एखादा बरा फोटो आहे का गं?" मला रडू यायच्या आधी हसूच आलं. जन्मभर फोटो काढत फिरलेल्या आमच्या वन्संचा बरा फोटो कुणाकडेच नव्हता! आधारकार्डावरचा पाहून त्या स्वतःच विचारायच्या, "ही कोण गं बया?"

साठच्या दशकात मी लग्न होऊन तारापूरला आले, तेव्हा वन्सं शाळेत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी खांद्याला डब्यासारखा कॅमेरा अडकवून बाहेर पडत. रोलमध्ये बारा फोटो. बाराही गुरांचे, कुत्र्यांचे, दांडीला वाळत घातलेल्या मासळीवर डोळा ठेवून बसलेल्या मांजरांचे. सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. वन्सं मात्र गोणपाट अंथरून जनावराच्या डोळ्याला डोळा येईल इतक्या खाली बसत, आणि बसूनच राहत. "त्याला आपला कंटाळा येऊ दे, कुसुम. मग ते आपल्याला विसरतं आणि स्वतःसारखं दिसतं." रवंथ करणारं ढोर एक घास गिळून दुसरा वर आणताना क्षणभर जबडा थांबवतं, हे मी गुरांच्या घरातली असूनही कधी पाहिलं नव्हतं. वन्सं नेमक्या तेव्हाच खटका दाबत. खोट एकच... इतक्या खालून काढल्यामुळे शेजारी उभ्या माणसांची डोकी कापली जात. पालघरचा स्टुडिओवाला म्हणे, "बाई, सगळी धडं तयार आहेत." मीही त्यांना कमी छळलं नाही.

मनोरकडच्या डोंगरातला जान्या गवताची गाडी घेऊन आमच्या वाडीत यायचा. त्याच्या चांद्या नावाच्या बैलाचा फोटो वन्संनी चिंचेखाली दीड तास बसून काढला होता. पुढे जान्या बायकोपोरांसह गवतकापणीला बाहेरगावी गेला, आणि मेव्हण्याकडे ठेवलेला चांद्या नाहीसा झाला. पेरणी तोंडावर आली असताना एक दिवस जान्या धापा टाकत आमच्या दारात आला. "बाय, चांद्या मनोरच्या बाजारात हाय. दुसराच मानूस म्हनतो, बैल माजा. तुजा फोटू दे."

वन्संनी फोटो पदरात गुंडाळला आणि मला घेऊन एसटीने मनोर गाठलं. बाजारात पाटलांसमोर गर्दी जमली होती. फोटोतलं वाकडं शिंग आणि समोरचं वाकडं शिंग एकच, हे कुणालाही दिसत होतं. तेव्हा तो माणूस बेरकीपणे म्हणाला, "बैल हाच हाय. पन बाजूला हुबा हाय तो मीच. नाय तर दाखवा मुंडी!" लोक फिदीफिदी हसले. वन्संचा चेहरा उतरला. आमच्या थट्टेला कधी भीक न घालणाऱ्या त्या बाई, त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या फोटोकडे खाली मान घालून बघत राहिल्या. मला माझ्या सगळ्या टोमण्यांची लाज वाटली.

आणि मग त्यांनी मान वर केली. "जान्या, त्या दिवशी उभा होतास तसा उभा राहा." जान्याने उजवा हात चांद्याच्या मानेवर ठेवला. करंगळी कोयत्याने कधीच गेलेली. पाटलांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. फोटोतल्या हातालाही चारच बोटं होती. पाटील त्या माणसाला म्हणाले, "तुजी बोटा दाव रं." त्याने हात धोतरामागे नेला, आणि चांद्याचं दावं जान्याच्या हाती आलं. मी एवढ्या बाजारात ओरडून सांगितलं, "या माझ्या वन्सं!"

पेरण्या उरकल्यावर जान्या गाडी घेऊन मुद्दाम आला. वन्संनी त्या दिवशी प्रथमच कॅमेरा माझ्या हाती दिला आणि स्वतः जान्याबरोबर चांद्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "त्याच्या डोळ्यांत बघ, जबडा थांबला की दाब." मी गोणपाटावर बसले, बघत राहिले, दाबलं. रोल धुऊन आला तेव्हा वन्सं पोट धरून हसल्या.

पुतण्याला मी तोच फोटो दिला. पेपरवाल्यांनी घेतला नाही, म्हणून आता तो आमच्या ओटीवर हार घालून लावलाय. चांद्या सरळ तुमच्याकडे बघतोय, आणि त्याच्या मानेवर दोन हात आहेत. येणारे-जाणारे विचारतात, "यात वन्सं कुठे?" मी सांगते, चार बोटांचा हात जान्याचा. काचेच्या बांगड्यांचा, तो आमच्या वन्संचा.