मामंजींच्या गोष्टीत कोणी मरत नाही

दिवसभर लाँड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून सूनबाईचे खांदे भरून यायचे आणि वाफेने डोळे चुरचुरायचे. घरी येऊन दोन घास पोटात गेले की तिला फक्त अंथरूण दिसायचं. पण मामंजींनी चष्मा पुसायला घेतला की समजावं, आता गोष्ट.

मामंजी म्हणजे तिचे सासरे. बसस्टँडवर माइकवरून गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांचा जन्म गेला. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द सुटा. जुन्या नावाजलेल्या कथाही ते अशा वाचायचे, जणू नायिका फलाटाला लागली आहे. मुलगा लहान असल्यापासूनचा हा रिवाज. तो मुलगा, सूनबाईचा नवरा, मागच्या वर्षी तापाने गेला. वाचन मात्र थांबलं नाही. ते बाहेरच्या खोलीत वाचायचे आणि ती आत, दार उघडं ठेवून, पडल्या पडल्या ऐकायची.

आणि चिडायची. कारण मामंजींच्या गोष्टीत कोणी म्हणून मरत नसे. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको खोकून खोकून पांढरीफटक पडली, आता गेलीच म्हणावं, तर शेवटी बया उठून बसली आणि तिने सूप मागितलं! आदल्या रात्री खाणकामगारही सूपच प्यायला होता. त्याच्या आधी शाळामास्तर. सुपाचं नाव निघालं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. तिनेही नवऱ्याला चमच्या-चमच्याने सूप भरवलं होतं.

"जगातल्या सगळ्या आजाऱ्यांना सूप लागू पडतं," ती उशीत तोंड खुपसून म्हणायची, "आमच्याच घरचं काय आळणी होतं?"

सुट्टीच्या सकाळी केर काढताना मामंजींच्या उशाचं पुस्तक खाली पडलं. डोळे ताजे होते, म्हणून तिने दीपगृहाची गोष्ट काढून वाचली. बायको मेली होती. सूप कुठेच नव्हतं. मग खाणकामगार पाहिला, शाळामास्तर पाहिला. सगळे गेलेले.

मामंजी दूध घेऊन आले, तर ती पुस्तक घेऊन दारातच उभी.

"यात सूप कुणी घातलं?"

मामंजींनी पिशवी खाली ठेवली. "तोंडातून निघत नाही गं. स्टँडवरसुद्धा गाडी रद्द झाली की मी म्हणायचो, थोड्या उशिराने येईल."

"आणि लोक?"

"बसून राहायचे. मग शिव्या घालायचे."

"मीही रोज तेच करतेय! सगळ्यांची माणसं उठली, माझंच उठलं नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असं वाटायचं मला. न येणाऱ्या गाडीसाठी किती बसवून ठेवाल, मामंजी?"

मामंजी पिशवी तिथेच सोडून खाटेवर जाऊन बसले. दूध तिनेच तापवलं.

त्या रात्री ती आत गेली नाही. खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि तिने पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. म्हातारा पुन्हा सूप ओतायचा, काही नेम नाही. रखवालदाराने बायकोचा हात हातात घेतला, इथवर आवाज खणखणीत होता. मग ते पान उलटायला लागले.

"वाचा."

"तो हात गार होता," त्यांनी हळूच वाचलं. पुस्तक मिटलं. चष्मा काढला. "आपला गेला गं, पोरी."

वर्षभरात हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं.

"हो मामंजी," ती म्हणाली, "गेला."