विषाणूवरचं कुंकू

देवावर तुमचा विश्वास आहे का, असं त्या काळी कुणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता. दिघोरीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. सकाळी हात जोडायचो खरा, पण घरातून निघताना आपण खिसा चाचपतो ना, तितक्याच सवयीनं. त्या चैत्रात मात्र माझी चांगलीच परीक्षा झाली. बायकोला, सुमनला, नववा महिना लागलेला, आणि एके सकाळी दाढी करताना मला कपाळावर पाण्यानं भरलेला फोड दिसला. दुसऱ्या दिवशी पाठ, छाती, पोट सगळं भरून गेलं. तिशी ओलांडलेल्या विज्ञानशिक्षकाला कांजिण्या झाल्या होत्या.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मी नववीला विषाणू शिकवले होते. तळ्यातल्या चिकणमातीचा, दोन भागांत उघडणारा गोळा केला, त्याला बाहेरून बाभळीचे काटे टोचले आणि आत लाल दोऱ्याची गुंडाळी ठेवली. बाहेर प्रथिनांचं कवच, आत न्यूक्लिक आम्लाचा धागा, एवढाच त्याचा संसार. तो खात नाही, श्वास घेत नाही. बाहेर असला तर धुळीच्या कणासारखा पडून राहतो, आणि आपल्या पेशीत शिरला की तिलाच कामाला जुंपून स्वतःसारखे शेकडो तयार करून घेतो. सर्दी, गोवर, गालगुंड, पोलिओ, कांजिण्या, सगळ्या याच बिरादरीच्या करामती. तो जिवंत की निर्जीव, यावर वर्गात मोठा वाद झाला. शेवटी एक पोरगा म्हणाला, "सर, हा तं मातामायवानी दिसून राहिला." गावाच्या शिवेवर निंबाखाली शेंदूर लावलेले गोल दगड आहेत, ती आमची मातामाय. अंगावर फोड उठवणारे सगळे आजार तिच्याच नावावर. मी हसलो आणि तो गोळा घरी आणून खिडकीत ठेवला.

आता तीच मातामाय माझ्या घरी पाहुणी आली, असं शेजारच्या सर्जाबाईंनी जाहीर करून टाकलं. सर्जाबाई गावच्या सुईण. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. त्यांनी दाराला निंबाच्या पाल्याचा डगाल बांधला, घरात फोडणी बंद केली आणि रोज सकाळी उंबऱ्यावर पाणी टाकून माझ्या पाया पडायला लागल्या. ज्याच्या अंगात माय आली तोच माय, असा आमच्याकडचा रिवाज. एरवी मला "मास्तर, तुमी" म्हणणाऱ्या बाई आता "माय, तू" म्हणत. खिडकीतला काटेरी गोळा त्यांना दिसला तेव्हा हात जोडून त्यांनी त्यालाही कुंकू लावलं आणि वर जास्वंदाचं फूल ठेवलं. "बाई, हा विषाणू आहे," असं समजावण्याइतकी ताकद माझ्या तापलेल्या अंगात नव्हती. सुमनला लहानपणीच कांजिण्या होऊन गेल्या होत्या, म्हणून तिची तेवढी काळजी नव्हती. तरी मी बाहेरच्या छपरीतच झोपत होतो.

आणि एका दुपारी तिला दिवसांआधीच कळा सुरू झाल्या. सर्जाबाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या घाम पुसत. "लेकरू आडवं हाये. हे माह्या हातचं नाही." सकाळची एसटी निघून गेलेली, दुसरी संध्याकाळी. बैलगाडीनं लाखांदूरचा दवाखाना गाठायचा तर त्या दगडधोंड्यांच्या वाटेनं तिचं काय होईल, हे विचारायचीही हिंमत होईना. आतून सुमनचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मी दारात उभा. जन्माला येणाऱ्या लेकराला माझ्यामुळे काही होऊ नये म्हणून मला तिचा हातही धरता येत नव्हता. एरवी सगळ्या गावाच्या अडचणीत पुढे होणाऱ्या मला त्या दुपारी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. "आता तूच बघ," एवढंच मी पुटपुटलो. कुणाला म्हणालो ते आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात तळ्याच्या पाळीवर धूळ उडाली आणि भंडाऱ्याहून आलेली आरोग्य खात्याची जीप थेट माझ्या दारात येऊन थांबली. पुढच्या सीटवर आमचा दुसरा शेजारी दामा, नवरदेवासारखा ताठ बसलेला. त्या दिवसांत भिंतीभिंतींवर रंगवलेलं असायचं की देवीचा रोगी कळवा आणि बक्षीस मिळवा. देवी खरंच हद्दपार झाली की नाही, याची सरकारला खात्री करायची होती. दामानं माझं तोंड पाहिलं होतं आणि आदल्या दिवशी सायकल मारत लाखांदूरला जाऊन "आमच्या मास्तराले देवी निघाल्या" अशी वर्दी दिली होती. डॉक्टरांनी माझे तळहात उलटून पाहिले, मग पाठ पाहिली. "तळहात कोरे आहेत. फोड काही ताजे, काही सुकलेले. या कांजिण्या आहेत, देवी नाही." दामाचं तोंड एवढंसं झालं. त्याची कीव करायलाही वेळ मिळाला नाही, आतून सुमन ओरडली आणि डॉक्टर कुणाला काही न विचारता आत गेले. लगेच बाहेर येऊन त्यांनी ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली.

सुमनला खाटेसकट उचलून मागे ठेवलं. मला येऊ द्यायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. घरचा पुरुष म्हणून दामाच चढला. सर्जाबाईंनी एक पाय जीपमध्ये ठेवला होता, तो काढून त्या पळत परत आल्या आणि माझ्या उंबऱ्यावर त्यांनी डोकं टेकलं. "माय, मास्तरीणबाईले सुखरूप सोडव. सगळं तुह्या हातात हाये." बायको माझी, लेकरू माझं, आणि साकडं घालत होत्या मलाच. बाई, अहो मी आहे, असं म्हणणार होतो. पण माझेही हात आपोआप जोडले गेले आणि तोंडून शब्द आला, "होईल." त्या जीपमध्ये चढल्या, जीप दिसेनाशी झाली तशी मी छपरीतल्या माझ्या खाटेवर टेकलो. भीती होतीच, पण तिच्याशी झुंजणं मी सोडून दिलं होतं, आणि का कोण जाणे, मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं दामा उतरला. "पोरगी हाये, मास्तर. पोट कापा लागलं, पन दोघी बी बऱ्या हायेत." दवाखान्यात विचारलं की बाईचे तुम्ही कोण, तर "भाऊ" म्हणून यानं अंगठा दिला होता. मला रडू आवरेना. दामा हळूच म्हणाला, "पन मास्तर, देवी असती तं बक्षीस भेटलं असतं ना?" मी इतका हसलो की पाठीवरचे फोड दुखायला लागले.

सगळ्या खपल्या गळून गेल्यावर मी लेकीला पहिल्यांदा कुशीत घेतलं. तिचं नाव शीतल ठेवलं. मातामायला दहीभात नेला आणि तसाच एक द्रोण भाऊ झालेल्या दामाला दिला. तेव्हापासून दर चैत्रात हे दोन द्रोण चुकलेले नाहीत. चुकीच्या वर्दीनं जीप आली, ती वर्दी माझ्या फोडांमुळे गेली. याला कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही. माझी सगळी हुशारी थकली तेव्हा कुणीतरी माझं ओझं उचललं होतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. आता हात जोडतो ते सवयीनं नाही.

काटेरी गोळा मी अजून वर्गात नेतो. कुंकू पुसलेलं नाही, फिकं झालं की सुमन नवं लावते. यंदा शीतल माझ्याच नववीत आहे. परवा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, विषाणूले कुंकू काहून हाये?" शीतल खाली मान घालून हसत होती. म्हटलं, तिलाच विचारा. ती उभी राहिली आणि म्हणाली, "यानं माह्यासाठी जीप बोलावली होती."