ती सांगते, हे ऐकतात

सकाळी हे डिझेलचा कॅन उचलून होडीकडे निघाले होते. तेवढ्यात खिशातला मोबाइल बोलला. बाईचा आवाज, मोठा लाघवी, आणि आपल्या मराठीत: "दुपारनंतर वारा वाढेल. समुद्रात जाऊ नका." ह्यांनी कॅन तिथेच खाली ठेवला. मासळी साफ करता करता मी बघतच राहिले.

लग्न झाल्यापासून मी हेच सांगत आले. आभाळ कुंद झालं की मी दारात आडवी उभी राहायचे. "तुला काय कळतंय वाऱ्यातलं?" म्हणून हे हसायचे आणि जायचे.

शेजारची सून म्हणाली, "काकी, ती बाई नाही हो. एआय आहे, उपग्रहाची चित्रं बघून अंदाज सांगतं." नसेना का बाई! तिने कधी दार अडवलं नाही, वाळूवर उभं राहून कुणाची वाट बघितली नाही. तरी हे तिचंच ऐकतात.

दुपारी खरोखरच वारा सुटला. माड वाकायला लागले. हे माझ्याशेजारी बसून चहा पीत होते. मोबाइलची बॅटरी संपत आलेली दिसली. मेलीला शिव्या घालत मी उठले, आणि वीज जायच्या आत तिला चार्जिंगला लावलं.