बाळ्या देवघरासमोरच का?

"ताई, पुन्हा केलं," काकू दारातच म्हणाल्या. मी अजून डोक्यावरचं हेल्मेटही काढलं नव्हतं.

आत जाऊन पाहिलं. एवढा मोठा हॉल, स्वयंपाकघर, मागे अंगण, पुढे अंगण. आणि या पठ्ठ्याने नेमकी देवघरासमोरचीच फरशी निवडली होती. पिवळं तळं पसरलेलं आणि शेजारी बाळ्या शेपटी हलवत उभा, जणू काही पराक्रमच केलाय.

मी नाशिकमध्ये कुत्र्यांना शिकवते. हाउस ट्रेनिंग म्हणजे शी-शू कुठे करायची ते, आणि मॅनर्स म्हणजे अंगावर झेप न घेणं, पाहुण्यांचा पदर न ओढणं, ताटात तोंड न घालणं. माझा नवरा याला बालवाडी म्हणतो. म्हणू दे. बालवाडीतल्या बाईंच्या पर्समध्ये उकडलेलं लिव्हर नसतं, एवढाच फरक.

बाळ्या ग्रेट डेन जातीचा. वय पाच महिने, वजन गव्हाच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे दोन्ही पंजे थेट माझ्या खांद्यावर. मोठ्या जातीच्या पिल्लाचं हेच अवघड असतं. अंगाने घोडा आणि अकलेने तान्हं. लोक त्याचं अंग बघतात आणि म्हणतात, एवढा वाढलाय, कळत कसं नाही? अहो, नाहीच कळत!

त्याला आणलं होतं विलासकाकांनी. काकांचा फुलांचा व्यापार आहे. सायखेड्याला मळा, मखमलाबाद रोडला बंगला. लेक प्रियंका लग्न होऊन पुण्याला गेली, घर खायला उठलं, म्हणून काका हे पिल्लू घेऊन आले. काकूंना न विचारता. त्यामुळे बाळ्याने काहीही केलं की काकू आधी काकांकडे बघायच्या.

तोपर्यंत हे सगळं कुरबुरीवर चाललं होतं. मग प्रियंका माहेरी बाळंतपणाला येणार असं ठरलं. पुण्याला डोहाळजेवण झालं की लगेच निघणार होती.

काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटून घेतलं. "ताई, मागच्या खेपेला तिचं राहिलं नाही. चौथ्या महिन्यात गेलं. आता हा असा अंगावर येतो, फरशी ही अशी ओली. ती पडली तर? मी काय करू, सांगा."

त्यांची भीती खोटी नव्हती. ओल्या फरशीवर पाय घसरायला आणि पोटावर पंजा बसायला किती वेळ लागतो?

"पोरगी यायच्या आत हा सुधरला तर ठीक," काकू म्हणाल्या. "नाहीतर मळ्यात जाईल. मी ह्यांना सांगून ठेवलंय."

मळ्यात म्हणजे काय, ते मला काकांनी फाटकाशी सांगितलं. "मॅडम, मळा उसाच्या कडेला हाय. मागच्या साली तिथला खंड्या बिबट्यानं नेला. सकाळी जाऊन बघतो तर साखळी अन् पट्टा तेवढा पडलेला." त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघितलं. "ह्याला तर पळायचंबी कळत नाय. बिबट्या आला तर हा शेपूट हलवंल. तेवढं करा मॅडम."

त्या दिवशी गाडी चालवताना माझ्या डोक्यात तेच चालू होतं. एरवी कुत्रं शिकलं नाही तर मालक कुरकुरतो आणि फोन बंद करतो. इथे कुत्रं शिकलं नाही तर मरणार होतं. आणि नुसतं मला जिंकायचंय म्हणून त्याला घरात ठेवलं आणि पोरीला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवणार?

मी सगळं पुस्तकी केलं. झोपून उठला की बाहेर, खाऊन झालं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. परसात शेवग्याखाली एक जागा ठरवली. तिथे शू केली रे केली की तिथल्या तिथे लिव्हरचा तुकडा आणि "शाब्बास". आत आल्यावर तुकडा दिला तर त्याला वाटतं, आत आल्याबद्दल मिळाला. घरात केलं तर ओरडायचं नाही, नाक घासायचं नाही. त्याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसांसमोर करायचं नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

आणि बाळ्या शिकतही होता हो! शेवग्याखाली गेला की छान बसायचा आणि करायचा. मी खूश, काका खूश. मग आत यायचा, हुंगत हुंगत देवघरापाशी जायचा आणि उरलेलं तिथे. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तेही असं.

डॉक्टरकडे नेऊन लघवी तपासून आणली. काही दोष नव्हता. आता ऐका, मी पहिल्याच दिवशी काकूंना विचारलं होतं, फरशी कशाने पुसता? कुत्र्याचं नाक फार तिखट. आपल्याला गेला वाटतो तो वास त्याला येत राहतो, आणि जिथे तो वास, तीच मोरी, असा त्याचा साधा हिशेब. काकू म्हणाल्या होत्या, फिनेलने. मी फिनेल बंद करून कुत्र्यांच्या दुकानातून वास घालवणारं लिक्विड आणून दिलं. कामवाली बाई त्यानेच पुसत होती. मी स्वतः गुडघ्यांवर बसून फरशी हुंगली होती. हसू नका, आमच्या धंद्यात हुंगावं लागतं. वास नव्हता.

मग हा तिथेच का?

इकडे दिवस चालले होते. प्रियंकाची खोली धुऊन झाली, पाळणा माळ्यावरून खाली आला, आणि काका मळ्यातल्या पंपाच्या खोलीचं दार दुरुस्त करून घेतो म्हणाले, निदान आत तरी बांधता येईल. ते ऐकून मला रडूच यायचं बाकी राहिलं. मी चिडचिड करायला लागले. घरी नवऱ्यावर, बाहेर रिक्षावाल्यांवर. बिचाऱ्या बाळ्यावरसुद्धा एकदा ओरडले, तर त्याने माझा हात चाटला.

एरवी मी त्यांच्याकडे दुपारी जायचे. एक दिवस दुपारचं दुसरं काम निघालं म्हणून न सांगता सकाळीच गेले. दार उघडंच होतं. काकूंची पूजा नुकतीच आटोपली होती. त्यांच्या एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात दुर्वांची जुडी. देवघरासमोर उभ्या राहून त्या काहीतरी शिंपडत होत्या. तोंडाने नामस्मरण चालू.

वास माझ्या नाकात शिरला आणि मी दारातच थबकले.

"काकू, हे काय आहे?"

"गोमूत्र. आपल्या मळ्यातल्या गाईचं. हे येताना घेऊन येतात."

"रोज शिंपडता?"

"मग? रोज बाटवतोय ना तो! बाई पुसून जाते, पण पुसलं म्हणजे शुद्ध झालं का? पुसल्यावर मी हे शिंपडते. त्याने जास्त केलं तर मी पण जास्त शिंपडते."

अगं बाई गं! मी तिथल्याच खुर्चीत बसले. सगळा उलगडा झाला होता. तो करायचा म्हणून त्या शिंपडायच्या, आणि त्या शिंपडायच्या म्हणून तो करायचा. मी मात्र फिनेल, लिक्विड आणि डॉक्टर करत फिरत होते. मी यायचे दुपारी, तोवर ते वाळलेलं, माझ्या नाकाला वास कुठून येणार? आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. मी विचारलं होतं पुसण्याबद्दल. गोमूत्र त्यांच्या लेखी पुसणं नव्हतंच, ते शुद्ध करणं होतं. ते कुत्रं शिकवणाऱ्या बाईला कशाला सांगायचं?

कारण सापडलं, पण आता ते सांगायचं कसं? देवाधर्माच्या गोष्टीत मी पडत नाही. एका शब्दाने माणूस दुखावतो आणि मग कुत्र्याबरोबर आपणही बाहेर.

"काकू, रागावू नका. तुमच्यासाठी ते गोमूत्र आहे. त्याला तेवढं कळत नाही. त्याला एवढंच कळतं की इथे कुणीतरी करून गेलंय, म्हणजे इथे करायचं असतं."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "म्हणजे माझ्या देवघराची मुतारी मीच केली म्हणता?"

"मी नाही म्हणत. त्याचं नाक म्हणतं."

काकूंचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, संपलं. आता गाडीची किल्ली उचलायची आणि निघायचं. बाळ्या आमच्या दोघींच्या मध्ये येऊन आडवा पसरला आणि त्याने मोठी जांभई दिली.

त्याच्याकडे बघत काकू म्हणाल्या, "गोदामाईचं पाणी चालेल का? रामकुंडावरून कळशीभर आणून ठेवते. त्याला असला वास नाही."

"चालेल की काकू! धावेल!"

"अन् हे गोमूत्र? टाकून द्यायची नाही मी."

इथे मी जरा चाचरले. "हे शेवग्याखाली शिंपडलं तर... तो तिथेच जाईल."

"जनावराच्या विधीला गोमूत्र?" त्यांनी डोळे वटारले. मग खिडकीतून परसाकडे बघितलं. "शेवग्याला तसंही घालायलाच पाहिजे. मळ्यात फुलझाडांना घालतोच की आपण. मी शेवग्याला घालते. पुढचं त्याचं त्याने बघावं."

हे मला सुचलं नसतं. मी तर त्यांच्या पायाच पडणार होते.

त्या दिवसापासून देवघराची जागा लिक्विडने पुसायची, साध्या पाण्याने धुवायची आणि वर गोदावरीचं पाणी शिंपडायचं. आठवडाभर बाळ्या तिथे जाऊन हुंगायचा, गोंधळून आमच्याकडे बघायचा, आणि मागच्या दाराशी जाऊन कुंईकुंई करायचा. शेवगा मात्र तरारला.

निम्मं काम झालं. राहिली झेप. तिचं कारण शोधायला काही हुशारी लागली नाही. काका बाजारातून आले की फाटकातच छाती थोपटायचे, "ये रे माझ्या राजा!" आणि राजा धावत येऊन दोन्ही पंजे छातीवर.

"काका," मी म्हटलं, "बाळ्याला नंतर बघू. आधी तुम्ही सुधरा. चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचंही नाही."

"लय अवघड हाय मॅडम."

"मळा सोपा आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून काका पाठ फिरवायला लागले. मी पोटाला उशी बांधून, वर प्रियंकाचा जुना गाऊन चढवून फाटकातून आत यायचे, कमरेवर हात ठेवून, हळूहळू. वास तिचा आणि चाल गरोदर बाईची, दोन्हींची त्याला सवय व्हावी म्हणून. शेजारच्या बाईंनी माझं अभिनंदनही केलं. बाळ्या कधी बसायचा, कधी चुकायचा. चुकायचा तेव्हा उशीवर असा धक्का बसायचा की मी दोन पावलं मागे जायचे.

"बस" हा शब्द मी घरातल्या दोघांनाही बोलायला लावला. काकांचा "बस" मऊ निघायचा, लोण्यासारखा. काकू तर बाळ्याशी बोलायच्याच नाहीत. "त्याला सांगा," असं मला सांगायच्या. मी हट्टाने त्यांच्या हातात तुकडा दिला. लिव्हर नको म्हणाल्या, म्हणून पोळीचा. तेवढं त्यांनी केलं, तोंड वाकडं करून.

प्रियंका शनिवारी येणार होती. शुक्रवारी आम्ही शेवटची तालीम करायची, मग मी सांगणार होते, बाळ्या राहू शकतो की नाही. तो शब्द माझा होता आणि मला अजून खात्री नव्हती.

शुक्रवारी मी अंगणाच्या कोपऱ्यात स्कूटर लावत होते, फाटक अजून लावायचं होतं, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. दार उघडलं आणि खरं पोट घेऊन प्रियंका उतरली. "सरप्राइज!" ती ओरडली. "बाळ्या, ये!"

बाळ्या अंगणात मोकळा होता. ओटा ते फाटक, मधे काही नाही. तो सुटला. काका पायरीवरच खिळले. मी मधे जायला वळले, पण मी पोहोचणार नव्हते, हे मला दिसत होतं.

"बाळ्या! बस!"

आवाज काकूंचा होता, थेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून. मी त्यांना त्याचं नाव घेताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बाळ्याने ब्रेक मारला. मागचे पाय घसरले, बूड आपटलं, आणि प्रियंकापासून हातभर अंतरावर तो बसला. बसल्या जागी सगळं अंग हलत होतं, शेपटीने धूळ उडत होती, पण बूड उचललं नाही.

काकू पदर खोचून, पिठाच्या हातांनी धावत आल्या. मला वाटलं, लेकीला जवळ घेतील. त्या खाली बसल्या आणि त्यांनी आधी त्या घोड्याच्या गळ्याला मिठी मारली. "शहाणा रे माझा बाळ, शहाणा," म्हणत रडायला लागल्या. सोवळं, पीठ, लाळ, सगळं एक झालं. प्रियंका म्हणाली, "आई, मी पण आलेय हं." काका पायरीवरच बसून डोळे पुसत होते. माझेही वाहत होते, खोटं कशाला बोलू?

माझा निकाल मला कुणी विचारलाच नाही.

प्रियंकाला मुलगी झाली. बाळ्या तिच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर पसरलेला असतो, आत पाय टाकत नाही. बारशाला मला बोलावलं होतं. काकूंनी आधी बाळावर गोदावरीचं पाणी शिंपडलं, आणि मग कुणी बघत नाही असं पाहून दोन थेंब बाळ्यावर.

आता नव्या घरी गेले की मी दोन प्रश्न विचारते. फरशी कशाने पुसता, हा पहिला. त्याला सगळीकडे एकच उत्तर मिळतं, फिनेल. मग मी चहा घेते, जरा इकडचं तिकडचं बोलते, आणि दुसरा विचारते: पुसून झाल्यावर काय करता?